प्लॉट नंबर तेरा

मंडळी, भूत या प्राण्याशी माझं कधी जमलं नाही, हे आधीच सांगतो. पिंपळगाव रेणुकाईला आमच्या शाळेच्या वाटेवर एक चिंच होती. तिच्याखालून जाताना पोरं रामनाम घेत पळायची. मी मुद्दाम मागे राहायचो आणि त्यांच्या पाठीवर बारीक खडे मारायचो. दुसऱ्या दिवशी ते भूत दिसायला कसं होतं, याचं साग्रसंगीत वर्णनही मीच करायचो. गावातली निम्मी भुतं माझ्या कारखान्यातली! आता हलवाई कधी स्वतःची मिठाई खातो का? त्यामुळे या सदरातले भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर गालातल्या गालात हसत आलोय.

आज मात्र माझी पाळी. हसा खुशाल. पण शेवटपर्यंत वाचा.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, जुन्या जालन्यातल्या एका बियाणे कंपनीतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मालक अजून ठणठणीत आहेत आणि त्यांचं वाचन दांडगं आहे. मी तिथे कॉम्प्युटर, प्रिंटर, टेलिफोन आणि वेळ पडल्यास पंखा, असं सगळं सांभाळायचो. निसारभाई मला 'इंजिनियर साब' म्हणायचे, आणि त्यात आदराचा अंशही नसायचा. हे निसारभाई आमच्या बीज परीक्षण लॅबचे प्रमुख. पिकलेली दाढी, जिभेवर पान, आणि बोलणं अर्धं मराठी, अर्धं त्यांच्या घरचं.

त्या वर्षी मालकांनी पुण्याहून एक पेटी आणली. नेटवर्कमध्ये कोणी घुसखोर शिरला तर त्याला पकडणारी पेटी. काळी, चपटी, समोर हिरवे दिवे. आम्ही तिचं नाव जमादार ठेवलं. जमादाराचं काम सोपं होतं. ऑफिसच्या नेटवर्कच्या दारात बसायचं, आत-बाहेर जाणारं सगळं बघायचं आणि जे ओळखीचं नसेल ते संशयित म्हणून आपल्या डिस्कवर उतरवून ठेवायचं. आता जमादार बिचारा पुण्याचा, त्याला जालन्यातलं काहीच ओळखीचं नव्हतं! त्यामुळे तो दिसेल ते लिहायचा आणि डिस्क भरायची. जुन्यातल्या जुन्या फायली तो आपल्या आपण पुसायचा, उरलेला कचरा मी दर शनिवारी काढायचो. कारण डिस्क काठोकाठ भरली की जमादार संपावर जायचा. मला लिहिता येत नाही ना, मग मी कोणालाच आत सोडत नाही, असा त्याचा खाक्या. म्हणजे इंटरनेट बंद, ईमेल बंद, सगळं बंद.

जमादारासाठी एसी बसवला होता. जालन्यातला मे महिना ज्यांनी सोसलाय त्यांना वेगळं सांगायला नको… त्या खोलीत यायला लोकांना रोज नवीन कारण सापडायचं. अकाउंटवाल्यांनी तर तिथे आंब्याची पेटी आणून ठेवली होती. म्हणे, सर्व्हरच्या थंडाव्यात आंबा टिकतो.

आता मुख्य माणसांकडे येतो.

कंपनीचं संशोधन फार्म कुंभार पिंपळगावच्या बाजूला होतं. तिथला सुपरवायझर भास्कर, माझा मित्र. आणि त्याची बायको विमलताई इकडे जालन्याला निसारभाईंच्या हाताखाली लॅबमध्ये, ओल्या कागदाच्या वळकट्यांत किती दाणे उगवले ते मोजायला. फार्मवर आम्ही छतावरच्या उपग्रहाच्या तबकडीवरून नेट दिलं होतं आणि त्यावरच एक फोनही चालवला होता. रोज सकाळी, चहा यायच्या वेळेला, फार्म लॅबला फोन करायचं आणि बारा प्लॉटचे आकडे सांगायचं. भेंडीला फुलोरा किती, बाजरीची उंची किती. म्हणजे सांगणारा नवरा, उतरवून घेणारी बायको.

तबकडीवरून बोलताना आवाज जरा उशिरा पोचतो. दोघं एकदमच बोलायची आणि आकडे चुकायचे. एकदा तर चौथ्या प्लॉटची भेंडी पाचव्यात गेली. तेव्हा निसारभाईंनी कायदा केला.

"फार्मनं म्हणायचं 'फार्म'. मंग बिलकुल गप बसायचं. लॅबनं 'बोला' म्हणल्याशिवाय एक बी आकडा तोंडातून काढायचा न्हाई. समजलं?"

भास्करनं हा कायदा कुराण-पुराणासारखा पाळला. घसा खाकरून "फार्म" म्हणायचा आणि थांबायचा. विमलताई पेन हातात घेऊन, पदर सावरून म्हणायच्या, "बोला फार्म." दोघांनी आयुष्यात कधी एकमेकांचं नाव घेतलं नव्हतं, पण 'फार्म' आणि 'लॅब' ही नावं तोंडात इतकी बसली होती की सगळं ऑफिस फिदीफिदी हसायचं. मी विचारायचो, "ताई, घरीबी फार्मच म्हणता काय?"

"तुमचं काम करा, भाऊ," त्या म्हणायच्या, आणि कानाची पाळी लाल व्हायची.

एकदा लाईन तपासताना मी मधूनच ऐकत होतो. बारा आकडे झाले आणि भास्कर म्हणाला, "प्लॉट तेरा, तीन." फार्मवर तर प्लॉट बाराच! मी विमलताईंना विचारलं. त्या वहीकडे बघत म्हणाल्या, "ते ट्रायल हाय." कागदावर त्यांनी ते उतरवलं नव्हतं. मी म्हटलं असेल बुवा.

संक्रांतीनंतर भास्कर गेला. फार्मवरच, बांधावर बसल्या बसल्या छातीत कळ आली… दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही. मला अजून नीट सांगता येत नाही, तेव्हा एवढंच.

नवीन सुपरवायझर आला, थोरात नावाचा. त्याच्याकडे मोबाईल होता, त्याला तबकडीचा फोन नको होता. तो फोन माझ्याकडे परत आला. मी त्याची वायर त्यालाच गुंडाळली आणि कपाटात ठेवून दिला. भास्करचे जुने कॉल जमादारानं संशयित म्हणून कधीकाळी लिहिले होते, तेही होळीपर्यंत जुने म्हणून आपोआप पुसले गेले. हे दोन्ही लक्षात ठेवा, पुढे लागेल.

विमलताई पंधरवड्यानं कामावर आल्या. काम चोख, एक दाणा इकडचा तिकडे नाही. पण दिवसेंदिवस अंगातलं माणूस कमी होत चाललं होतं. डबा आणायच्या नाहीत. चहा घ्यायच्या, तोही अर्धा. निसारभाईंचं घर त्यांच्या शेजारच्याच गल्लीत. एकदा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "आमची बेगम सांगून राह्यली, रोज संध्याकाळी दोघांचा सैपाक करती. ताट वाढून बसती. वाट बघती. मंग सकाळी ते सगळं गायीला. स्वतः घासभर बी खात न्हाई. बेगमनं समजावलं, भांडून बघितलं. म्हणती, ते आल्याबिगर मी कधी जेवले न्हाई."

"डॉक्टर?"

"दोनदा नेलं. ताकदीची बाटली दिली. अशी किती दिवस चालंल ही बाई, इंजिनियर साब?"

 मी पंखेवाला माणूस, लॅबचा पंखा तपासायला लागलो.

आणि मे महिन्यात, ऐन हंगामात, जमादाराची डिस्क भरायला लागली.

शनिवारी मी निम्मी रिकामी करायचो, सोमवारी दुपारपर्यंत पुन्हा नव्वद टक्के. एवढं कोण घुसतंय? बघितलं तर घुसखोर एकच, फाईल एकच. रोज सकाळी चहाच्या वेळेला ती सुरू व्हायची आणि संध्याकाळपर्यंत फुगत राहायची. मी ती पुसली. यादीतून गेली, पण जागा काही मोकळी झाली नाही! पुण्याच्या इंजिनियरला फोन लावला.

"सर, फाईल पुसली तरी कोणीतरी ती धरून ठेवलेली असेल तर जागा सुटत नाही. धरणाऱ्यानं सोडली पाहिजे. पेटी रीस्टार्ट करा."

"धरलंय कोणी?"

"ते तुम्ही बघा ना सर."

रीस्टार्ट केली. जागा सुटली. दुसऱ्या दिवशी चहा आला आणि फाईलही आली. मग मी धरणाऱ्याचा पत्ता बघितला. नेटवर्कमध्ये प्रत्येक यंत्राला आपापला पत्ता असतो आणि आमच्या ऑफिसात ते सगळे मीच वाटलेले. हा पत्ता मी ओळखला. फार्मच्या फोनचा.

उठलो, कपाट उघडलं. फोन तिथेच. वायर गुंडाळलेली, वर धूळ, आणि त्याच्यावर अकाउंटवाल्यांनी ठेवलेला एक आंबा.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच घाबरलास. छे! माझ्यासारखा भुतांचा कारखानदार असा घाबरत नसतो. मी म्हटलं, पत्त्याची काहीतरी गल्लत असणार. आवाजाची फाईल आहे तर ऐकूनच बघू. हेडफोन लावला.

कोणीतरी घसा खाकरला. आणि म्हणालं, "फार्म."

मग काही नाही.

म्हणजे अगदीच काही नाही असं नाही. वाऱ्याचा आवाज. लांब कुठेतरी होला पक्षी घुमत होता. आणि मागे फार्मवरच्या पाण्याच्या मोटारीची घरघर. मी पुढे सरकवून ऐकलं, आणखी पुढे, शेवटाकडे. तेच. तासन्‌तास कोणीतरी फोन कानाला लावून नुसतं उभं होतं. जमादाराची डिस्क त्या गप्प बसण्यानं भरत होती.

एसीच्या खोलीत मला घाम फुटला. मी थोरातला मोबाईल लावला.

"थोरात, फार्मवरच्या ऑफिसात कोणी बसतं का सकाळचं?"

"कोन बसंल? चावी माझ्याजवळ हाय."

"आणि मोटार चालू असते ना सकाळी?"

"मोटार कुठली आली साहेब! मोटार जळून आठ-पंधरा दिवस झाले. तिकडं जालन्यातच पडली ना वाइंडिंगला. जरा जल्दी करा म्हना की त्यांना, भेंडी वाळून राह्यली इथं."

मी फोन ठेवला. आंबा कपाटातून काढला. का काढला ते विचारू नका. तिथे तो बरा दिसेना.

पुढचे काही दिवस मी सगळे उपाय केले. तो पत्ता बंद केला, तरी फाईल आली. फार्मच्या तबकडीची वायर थोरातला काढायला लावली, तरी आली. बुधवारी डिस्क शंभर टक्के भरली, जमादार संपावर गेला, आणि विदर्भातल्या डीलरांच्या ऑर्डरी अडकल्या. मालक स्वतः एसीच्या खोलीत आले, आणि या खेपेला गारव्यासाठी नाही.

"शनिवारी ही पेटी पुण्याला पाठव. साफ पुसून आण. आतलं काही ठेवू नको," एवढंच म्हणाले. तोवर रोज रीस्टार्ट करून मी पेटी चालती ठेवली.

मी निसारभाईंकडे गेलो. त्यांना फाईल ऐकवली. त्यांनी एकदा ऐकली, हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला, आणि दाढीवरून हात फिरवला. पानही चघळेनात.

"विमलला ऐकवा," ते म्हणाले.

"अहो निसारभाई, ती बाई आधीच अशी… वरून हे ऐकवायचं? आणि शनिवारी पेटी गेली की हेही गेलं. दुसऱ्यांदा तुटेल ती."

"तुटंल तर तुटंल. पण फोन तिचा हाय, इंजिनियर साब. तुमचा न्हाई, माझा न्हाई. दुसऱ्याचा फोन आपण ठेवून घ्यायचा न्हाई."

मी विमलताईंना बोलावणं पाठवलं.

विमलताई आल्या. मी काहीतरी लांबलचक प्रस्तावना करत होतो, नेटवर्क, पत्ता, तांत्रिक बिघाड वगैरे. त्यांनी हात पुढे केला. "द्या, भाऊ."

मी हेडफोन दिला. त्यांनी तो पदरावरूनच कानाला लावला. तो एक शब्द आला असणार, कारण त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता रडतील. मी पाण्याचा ग्लासही तयार ठेवला होता. पण त्या ऐकतच राहिल्या. ती घरघर, तो होला, ते गप्प बसणं. आणि मग कपाळावर बारीकशी आठी आली. अशी आठी, मंडळी, की जी नवऱ्याची चूक काढताना बायकोच्या कपाळावर येते.

"किती दिवसांपासून हाय हे?"

"दोनेक आठवडे…"

"आन् तुम्ही कोणी 'बोला' म्हणलं न्हाई?"

निसारभाईंनी माझ्याकडे बघितलं, मी निसारभाईंकडे.

"ते वाट बघून राह्यले," विमलताई म्हणाल्या. "असं सांगतील का आकडे? लॅबनं बोला म्हणल्याशिवाय सांगायचं न्हाई, तुम्हीच न्हाई का कायदा केल्ता, निसारभाई? उन्हात उभं केलं तुम्ही त्यांना दोन आठवडे!"

निसारभाईंनी आयुष्यात कोणाची माफी मागितलेली मी पाहिली नव्हती. तेव्हा पाहिली. "चुकलं बेटा," ते म्हणाले. "बिलकुल चुकलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबच्या फोनपाशी आम्ही तिघं. मी दारातून जमादाराच्या पडद्याकडेही बघत होतो आणि इकडेही. चहा आला. कोणी हात लावला नाही. पडद्यावर ती फाईल उमटली… आणि वाढायला लागली. फोन वाजला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. तरी विमलताईंनी तो उचलला. पदर सावरला, पेन घेतलं, आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "बोला फार्म."

मला काही ऐकू आलं नाही. निसारभाईंनाही नाही. आम्हाला दिसत होत्या त्या फक्त विमलताई. "हं," त्या म्हणायच्या आणि लिहायच्या. "हं." पुन्हा लिहायच्या. मधेच एकदा, "नीट सांगा, चौथा का पाचवा?" मग ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू. असे बारा आकडे झाले. त्यांनी पेन खाली ठेवलं.

आणि ऐकत राहिल्या.

चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज स्थिर होता. त्या म्हणाल्या, "बरं." थोडं थांबून पुन्हा, अगदी हळू, "बरं. जेवते."

आणि फोन ठेवून दिला.

आतल्या खोलीत मी बघितलं तर जमादाराची डिस्क सरसर उतरत होती. माझा हातही न लागता. जे कोणी धरून बसलं होतं त्यानं सोडलं.

निसारभाईंनी विचारलं, माझी हिंमत नव्हती. "काय म्हणाला?"

"प्लॉट तेरा, दोन," विमलताई म्हणाल्या. आणि मग, एवढ्या वर्षांची चोरी पकडली गेल्यासारखं खाली बघत, त्यांनी सांगितलं. ऑफिसच्या फोनवर घरचं काय बोलणार, सगळे ऐकतात. म्हणून भास्कर शेवटी तेरावा प्लॉट सांगायचा. तो प्लॉट म्हणजे रात्री दोघांत मिळून टाकायच्या भाकरी! फार्मवर काम कमी असलं तर तीन, दमला असला तर चार. पण पाण्याची पाळी असली, लाईट उशिरा येणार असली की तो मुक्कामी राहायचा. तेव्हा सांगायचा, दोन.

"दोन म्हणजे माझ्या," त्या म्हणाल्या. "मी येत न्हाई. तुझ्यापुरत्या दोन टाक आन् जेवून घे. वाट बघू नको."

 निसारभाईंनी उठून आपला डबा आणला, झाकण काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवला. आत ज्वारीच्या भाकरी आणि अंबाडीची भाजी. विमलताईंनी डबा जवळ ओढला. आम्ही खिडकीतून बाहेर बघण्याचं नाटक केलं, पण कान इकडेच. त्यांनी एक खाल्ली. थांबल्या. मग दुसरी उचलली.

"बेगमला म्हणा, मीठ जरा कमी हाय," त्या म्हणाल्या.

"तूच सांग!" निसारभाई डोळे पुसत ओरडले. "मला घरात राहायचंय!"

त्या दिवसाची फाईल मी नंतर ऐकली. तिच्यात एकच आवाज होता, विमलताईंचा. ते "हं", ते "चौथा का पाचवा", ते "बरं. जेवते." मधल्या जागा कोऱ्या. होला नाही, वारा नाही, मोटार नाही. आणि आधीच्या फायली तर यादीतच नव्हत्या. उरलेली एवढी तरी जपून ठेवू का, म्हणून विचारायला गेलो, तर त्या वळकट्या सोडवत बसल्या होत्या.

"पुसा भाऊ," त्या म्हणाल्या. "आकडे उतरवून घेतले की लाईन मोकळी करायची असती. तुम्हाला बी जागा लागती."

मी पुसली. एका फटक्यात जागा सुटली.

पेटी पुण्याला जायची गरजच पडली नाही. मालकांनी विचारलं, दुरुस्त कसं केलंस? मी म्हटलं, तांत्रिक बिघाड होता. मला बढती मिळायची राहिली ती राहिलीच.

विमलताई पुढे लॅबच्या प्रमुख झाल्या, निसारभाईंच्या जागेवर. आता चांगल्या गरगरीत आहेत आणि हाताखालच्या पोरींना असा दम देतात की उगवणारा दाणाही सरळ उगवतो. त्या दिवशीचे बारा आकडे मी थोरातला पडताळून बघायला सांगितले होते. त्यानं शेतात जाऊन मोजलं आणि मला विचारलं, "साहेब, तुम्ही आल्ते का फार्मवर?" मी विषय बदलला.

बंद कपाटातला फोन, जळालेली मोटार, न वाजलेली घंटी… मी शिकल्या-सवरल्या लोकांना विचारलं. नेटवर्कवाल्यांनी सांगितलं, पत्ता चुकला असेल. डॉक्टरांनी सांगितलं, दुःखात माणूस काहीही ऐकतो. असेल. पण दुःखात डिस्क भरते का, हे मला कोणी सांगितलं नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर जरूर लिहा. मला आजवर कळलेलं नाही.

माझ्यात मात्र एक खोड शिरली आहे. उशीर होणार असला की मी घरी फोन करतो आणि म्हणतो, "प्लॉट तेरा, चार." बायकोला सगळी गोष्ट ठाऊक आहे. परवा ती म्हणाली, "चार कशाच्या? डॉक्टरांनी दोनच सांगितल्यात. दोन टाकते."

मी भर रस्त्यात गाडी बाजूला घेतली.

"दोन नको गं," म्हटलं. "तीन टाक. मी येतोय."